आई-बाळाच्या रक्तगटाचा बेबनाव : नवे उपचार लागू पडतात की नाही, हे तपासायचे कसे?

आकडेमोड (धागाकर्ता)

आई आर-एच निगेटिव्ह, पोटातले बाळ पॉझिटिव्ह, आणि आईच्या रक्तात बाळाच्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे आधीच तयार झालेली. अशा गर्भारपणातल्या उपचारांसाठी हा धागा आहे. प्रतिपिंडे होऊच नयेत म्हणून द्यायचे अँटी-डी इंजेक्शन हा वेगळा विषय. त्याचा उल्लेख येणारच, पण मुख्य चर्चा उशीर झालेल्यांची.

निमित्त निपोकॅलिमॅब हे नवे औषध. त्याच्या 'युनिटी' चाचणीचे निकाल २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. आधीच्या गर्भारपणात याच आजाराने गर्भ दगावलेला, किंवा २४ आठवड्यांच्या आत गर्भाला रक्त चढवावे लागलेले, अशाच स्त्रिया घेतल्या होत्या. अँटी-डी (आर-एचच्या डी अँटिजेनविरुद्धचे प्रतिपिंड) टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडाच्या जोराचा आकडा, किमान ३२; अँटी-केल (तांबड्या पेशींवरच्या केल या दुसऱ्या अँटिजेनविरुद्धचे) असेल तर किमान ४. चौदाव्या आठवड्यापासून पस्तिसाव्यापर्यंत दर आठवड्याला शिरेतून औषध, वजनाच्या दर किलोमागे ३० किंवा ४५ मिलिग्रॅम. यश कशाला म्हणायचे? बाळ ३२ आठवडे किंवा त्यानंतर जिवंत जन्मावे आणि तोवर गर्भाला एकदाही रक्त चढवावे लागू नये. १३ पैकी ७ जणींत हे साधले, म्हणजे ५४ टक्के. तुलनेसाठी जुन्या नोंदींवरून धरलेला आकडा होता १० टक्के. १२ बाळे जिवंत जन्मली, हायड्रॉप्स (गर्भाच्या अंगात पाणी साठून सूज येणे) एकालाही झाला नाही. एक गर्भ २२ आठवडे ५ दिवसांना गेला, त्याला आधी रक्त चढवलेले होते.

आकडे उमेद वाढवणारे आहेत. पण १३ जणींवरून काढलेल्या ५४ टक्क्यांचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या मर्यादांत असू शकतो त्या) २५ ते ८१ आहे, प्लासिबो (औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले) गट नाही, आणि औषध चालू आहे हे सगळ्यांना ठाऊक. माझी मुख्य हरकत मात्र वेगळी आहे. 'रक्त चढवावे लागले नाही' ही निसर्गतः घडणारी घटना नव्हे, तो कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. गर्भाला रक्त कधी चढवायचे हे डॉप्लर (रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) पाहणारा ठरवतो, आणि औषधावर त्याचा विश्वास असेल तर तो आणखी दोन दिवस थांबेल. म्हणून या आजारात कुठलाही उपचार तपासताना काय मोजायचे, कोणी मोजायचे आणि तुलना कोणाशी करायची, यावर जाणकारांनी लिहावे.

रक्तपेढी_तळमजला

टायटरपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यांची नजर आधी तिथेच जाते आणि फसतेही तिथेच.

आईचा सीरम १:२, १:४, १:८ असा दुपटीने पातळ करत जायचा आणि ज्या शेवटच्या नळीत पेशी चिकटलेल्या दिसतात तो आकडा लिहायचा. एका नळीचा फरक हा हाताचा आणि डोळ्याचा दोष असतो. दोन नळ्यांचा, म्हणजे चौपट फरक पडला तरच बदल खरा मानायचा. म्हणून प्रत्येक वेळी आधीचा गोठवून ठेवलेला नमुना बाहेर काढून नव्याच्या शेजारी, त्याच दिवशी, त्याच पेशी वापरून लावायचा. टेस्ट सेल्सचा फेनोटाइप (पेशींवर कोणते अँटिजेन आहेत ते) बदलला की आकडा बदलतो. नळीऐवजी जेल कार्ड वापरले तर आकडा बहुधा एक-दोन पायऱ्या वर येतो. एका प्रयोगशाळेतले ३२ आणि दुसरीतले ३२ एकच, असे समजून चाचणीत भरती केली तर दोन्ही गटांत वेगवेगळ्या तीव्रतेच्या स्त्रिया येतील. मोठ्या चाचणीत सगळे नमुने एकाच मध्यवर्ती प्रयोगशाळेत जायला हवेत, ते याचसाठी.

आता गणित. औषधाने आईच्या रक्तातले आयजीजी (वारेतून बाळाकडे जाणाऱ्या जातीची प्रतिपिंडे) ७५ टक्क्यांनी खाली आणले असे समजा. केवढी मोठी घट! पण टायटरमध्ये ती फक्त दोन नळ्या दिसेल: ५१२ चे १२८. धोक्याची पातळी १६ ते ३२ मानतात, तिच्या कितीतरी वर. केवळ टायटर पाहणारा म्हणेल, औषध फुकट गेले.

शिवाय निपोकॅलिमॅब ज्या एफसीआरएन रिसेप्टरला अडवते तो दोन कामे करतो. आईच्या शरीरात आयजीजी मोडण्यापासून वाचवतो, आणि वारेतून ते बाळाकडे पोहोचवतो. टायटरमध्ये पहिल्या कामाचा अडथळा दिसतो, दुसऱ्याचा दिसतच नाही. बाळाच्या दृष्टीने दुसरे काम जास्त महत्त्वाचे.

शंकासुर

मग टायटर करायचेच कशाला?

रक्तपेढी_तळमजला

@शंकासुर, उंबरठा ओलांडला की नाही हे कळायला. पहिल्यांदाच प्रतिपिंडे झालेल्या स्त्रीत टायटर ८ वर स्थिर असेल तर चार-चार आठवड्यांनी पाहत राहणे पुरते. १६ किंवा ३२ झाले की बाळाचे डॉप्लर सुरू करायचे, त्यानंतर टायटर वरचेवर करून विशेष काही हाती लागत नाही. आणि आधीचे बाळ गंभीर आजारी झालेले असेल तर टायटर कितीही असो, ते बाजूला ठेवायचे.

अँटी-केलचा हिशेब वेगळा. तिथे प्रतिपिंडे नुसत्या पक्व पेशी फोडत नाहीत, मज्जेत तयार होऊ घातलेल्या पेशींनाही दाबतात. टायटर कमी असतानाही गर्भ पांढराफटक पडू शकतो. म्हणूनच युनिटीत डीसाठी ३२ आणि केलसाठी ४ अशी अट होती.

आणखी एक घोळ. गर्भारपणात प्रतिबंधक अँटी-डी दिलेले असेल तर पुढचे अनेक आठवडे अँटिबॉडी स्क्रीन (रक्तात प्रतिपिंडे आहेत का ते पाहणारी तपासणी) हलकेसे पॉझिटिव्ह येते. त्या टोचलेल्या प्रतिपिंडाचा टायटर सहसा ४ च्या वर जात नाही. इंजेक्शनची तारीख अर्जावर लिहिलेली नसली की 'प्रतिपिंडे झाली' असा शिक्का बसतो आणि पुढची अँटी-डी बंद होते. फार महाग पडणारी चूक आहे ही.

वाहती_रेघ

डॉप्लरबद्दल सविस्तर लिहिते, कारण आकडेमोड यांच्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे.

रक्त कमी झाले की ते पातळ होते आणि हृदय जोराने ढकलते, म्हणून मेंदूच्या मधल्या धमनीतला सर्वोच्च वेग वाढतो. जी. मारी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले की हा वेग त्या आठवड्याच्या मध्यकाच्या १.५ पटीवर गेला की मध्यम ते तीव्र अ‍ॅनिमिया जवळजवळ सगळा पकडला जातो. खोटे पॉझिटिव्ह १२ टक्के होते. व्यवहारात १.५ पटीचे आकडे असे: २० आठवड्यांना सेकंदाला ३८ सेंटिमीटर, २४ ला ४६, २८ ला ५५, ३२ ला ६७ च्या आसपास.

त्याआधी आईच्या पोटातून सुई घालून गर्भजल काढत आणि ४५० नॅनोमीटरला त्यातले बिलिरुबिन मोजत. ही १९६१ ची लायली यांची पद्धत. २००६ मध्ये ओपकेस आणि सहकाऱ्यांनी दोन्ही पद्धती त्याच गर्भांवर, १६५ जणांत, समोरासमोर तपासल्या. डॉप्लरने ८८ टक्के तीव्र अ‍ॅनिमिया ओळखले, गर्भजलाने ७६. त्यानंतर सुईचे काम बहुतेक बंदच पडले. केलमध्ये तर गर्भजल फसवतेच, कारण पेशी फुटण्यापेक्षा बनणेच थांबलेले असते आणि बिलिरुबिन फारसे वाढत नाही.

आता चुका कुठे होतात ते. डोक्याचा आडवा छेद घ्यायचा, कलर डॉप्लरवर सर्कल ऑफ विलिस (मेंदूच्या तळाशी असलेले धमन्यांचे कडे) दिसले पाहिजे. ट्रान्सड्यूसरच्या जवळची धमनी निवडायची आणि निम्मा पडदा व्यापेल इतकी मोठी करायची. गेट (जिथला वेग मोजायचा ती खिडकी) एक-दोन मिलिमीटर, धमनी जिथून निघते तिथे अगदी लगत. पुढे सरकलात तर वेग कमी वाचला जातो. कोन शून्याच्या जवळ. अँगल करेक्शनचे बटण वापरून वाकडा कोन सरळ केल्याचे समाधान मानू नये. गर्भ हलत किंवा श्वासाच्या हालचाली करत असेल तर थांबायचे. प्रोब दाबून धरला की डोक्यावर दाब येऊन लहर बदलते. किमान तीन मापे घ्यायची. सोळा ते अठरा आठवड्यांपासून सुरुवात, दर एक-दोन आठवड्यांनी. पस्तीसनंतर खोटे पॉझिटिव्ह वाढतात.

एवढ्या अटी असलेले माप चाचणीत निर्णायक ठरते. म्हणून रक्त चढवण्याचा उंबरठा आधीच लिहून ठेवलेला असावा, डॉप्लरची चित्रे साठवावीत आणि कुठला गट हे माहीत नसलेल्या माणसाकडून ती पुन्हा वाचून घ्यावीत. आणखी पक्का पुरावा नाळेतल्या पहिल्या थेंबाचा. सुई आत गेली की रक्त चढवण्याआधी नमुना घेतातच, त्यातले हिमोग्लोबिन खोटे बोलत नाही. 'किती गर्भांना रक्त चढवले' याच्या शेजारी 'पहिल्या सुईला हिमोग्लोबिन किती होते' हा रकाना हवाच. औषधाच्या गटात लोक जास्त थांबत असतील तर त्या गटातले पहिले हिमोग्लोबिन खाली आलेले दिसेल.

शंकासुर

हे शेवटचे आवडले. पण गर्भाला रक्त चढवणे इतके हाताशी आलेले आहे, जगण्याचे प्रमाण उत्तम आहे, तर नव्या औषधाचा एवढा खटाटोप का?

वाहती_रेघ

हायड्रॉप्स नसेल आणि गर्भ २४ आठवड्यांच्या पुढचा असेल तर जगण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या पुढे आहे, मान्य. प्रश्न आहे त्याआधीचा. अठरा-वीस आठवड्यांना नाळेची शीर इतकी बारीक असते की सुईचे टोक भिंतीत रुतते, धमनीला लागले तर ती आकसते आणि ठोके मंदावतात. शिवाय त्या वयातल्या अशक्त हृदयाला एकदम भरपूर रक्त सोसत नाही.

आकार लक्षात यावा म्हणून हिशेब देते. रक्तदात्याच्या पिशवीचा हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) ७५ च्या आसपास असेल तर ढोबळ सूत्र असे: गर्भाचे वजन ग्रॅममध्ये गुणिले ०.०२, हे झाले हिमॅटोक्रिट १० ने वाढवायला लागणारे मिलिलिटर. एक किलोच्या गर्भाचा २० वरून ४० करायचा तर १००० × ०.०२ × २ = ४० मिलि. वीस आठवड्यांच्या ३३० ग्रॅमच्या गर्भाचा १० वरून २५ करायचा तर १० मिलिच्या जवळपास, आणि तिथेच थांबायचे. एका बैठकीत ४० गाठायचा हट्ट धरला तर हृदय खचते. उरलेले दोन दिवसांनी.

सुई २० किंवा २२ गेज. जागा शक्यतो नाळ वारेला जिथे चिकटते तिथली, कारण ती हलत नाही. वार मागच्या भिंतीला असेल तर यकृतातल्या शिरेचा पर्याय. मोकळ्या नाळेत टोचणे शेवटचा उपाय. गर्भ हलू नये म्हणून अ‍ॅट्राक्युरियम किंवा व्हेक्युरोनियम. काम संपताना पुन्हा नमुना, लक्ष्य ४० ते ५०. मग रोज साधारण एक टक्का घट धरून पुढची तारीख ठरवायची. पहिली फेरी झाल्यावर गर्भात बहुतेक दात्याच्या पेशी असतात, त्यांचे गुणधर्म वेगळे, म्हणून डॉप्लर आधीइतके विश्वासार्ह राहत नाही.

हे सगळे टाळता आले, निदान चार-सहा आठवडे पुढे ढकलता आले, तरी मिळवले. म्हणून चाचणीत 'रक्त लागले की नाही' एवढेच न मोजता 'पहिल्यांदा कितव्या आठवड्याला लागले' हेही मोजायला हवे. युनिटीत ज्या सहांना लागले त्यातल्या पाचांना २४ आठवडे किंवा त्यानंतर लागले. माझ्या लेखी ही ओळ ५४ टक्क्यांइतकीच मोलाची आहे.

रक्तपेढी_तळमजला

पिशवीबद्दल पुस्ती. गट ओ, डी निगेटिव्ह, केल निगेटिव्ह, शिवाय आईचे जे प्रतिपिंड असेल त्याचा अँटिजेन नसलेली. क्रॉसमॅच आईच्या प्लाझ्माशी. रक्त पाच दिवसांहून जुने नको, पांढऱ्या पेशी गाळलेल्या, सीएमव्ही (सायटोमेगॅलो विषाणू) निगेटिव्ह, २५ ग्रे किरणांचा मारा देऊन इरॅडिएट केलेले आणि त्यानंतर २४ तासांत वापरायचे. इरॅडिएशननंतर पेशींतून पोटॅशियम झिरपते, ते लहान जिवाच्या हृदयाला घातक. हिमॅटोक्रिट ७० ते ८५ मध्ये ठेवायचा. त्याहून घट्ट केला तर बारीक सुईतून जाता जात नाही.

नवजात_कक्ष

आकडेमोड यांच्या 'निर्णय की घटना' या मुद्द्याचे सगळ्यात बोलके उदाहरण जन्मानंतरच्या आयव्हीआयजीचे आहे. फार कमी लोक ते पूर्ण सांगतात.

कावीळ वाढत असलेल्या बाळाला शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले की बदली रक्त, म्हणजे एक्स्चेंज ट्रान्सफ्यूजन, टळते असे अनेक लहान चाचण्यांतून दिसत होते. त्यात प्लासिबो नव्हता. कोणाला औषध मिळाले हे डॉक्टरांना माहीत होते, आणि बदली रक्त करायचे की आणखी चार तास फोटोथेरपीवर (कावीळ उतरवणाऱ्या प्रकाशाखाली) थांबायचे हेही तेच ठरवत होते. मग दोन नीट आंधळ्या चाचण्या झाल्या. नेदरलँड्समधली २०११ ची, ८० बाळे, किलोमागे ०.७५ ग्रॅम, जन्मानंतर चार तासांच्या आत. बदली रक्त औषधाच्या गटात १७ टक्के, प्लासिबोत १५. दुसरी ब्राझीलमधली २०१३ ची, ९२ बाळे, ०.५ ग्रॅम. तिथेही फरक नाही. सगळ्या चाचण्या एकत्र केल्या तर फायदा दिसतो, फक्त या दोन ठेवल्या तर तो नाहीसा होतो.

आजही काही मार्गदर्शक सूचनांत बिलिरुबिन बदली रक्ताच्या पातळीच्या जवळ पोहोचले तर आयव्हीआयजी देता येईल असे आहे, आणि ऐन आणीबाणीत ते देण्याला माझी ना नाही. पण 'सिद्ध झालेले' म्हणू नये. आतड्याच्या दाहाशी, नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिसशी, त्याचा संबंध असल्याचे अहवालही आहेत.

बदली रक्त हे काही वाईट मोजमाप नाही, पण त्याचा उंबरठा आलेखावर ठरलेला असावा आणि तो पाळला गेल्याची नोंद असावी. दुप्पट आकारमान म्हणजे किलोमागे १६० ते १७० मिलि. बाळाच्या मूळच्या पेशी ८५ टक्क्यांच्या वर निघून जातात, बिलिरुबिन मात्र निम्म्यानेच उतरते आणि पेशींबाहेर साठलेले परत रक्तात आल्याने काही तासांत उसळते. हे माहीत नसले की दुसऱ्या फेरीचे खापर उपचारावर फुटते.

आकडेमोड

नवजात_कक्ष, धन्यवाद. हेच हवे होते. आता गर्भारपणातल्या आयव्हीआयजीबद्दल कोणी लिहील का? निपोकॅलिमॅबच्या आधी तेच एक शस्त्र होते.

वाहती_रेघ

आठवड्याला किलोमागे एक ग्रॅम, साधारण बाराव्या-तेराव्या आठवड्यापासून. आधी प्लाझ्मा एक्स्चेंज (आईच्या रक्तातला प्लाझ्मा बदलणे) करून मग आयव्हीआयजी, असाही प्रघात आहे, पण त्याचे पुरावे मोजक्या रुग्णांचे. मोठा पुरावा म्हणजे २०१८ चा 'पेटिट' अभ्यास. अनेक देशांतली केंद्रे मिळून ५२ गर्भारपणे, त्यातली २४ आयव्हीआयजी घेतलेली. त्यांनी तुलना हुशारीने केली: प्रत्येक स्त्रीची तिच्याच आधीच्या गर्भारपणाशी. आयव्हीआयजी घेतलेल्यांत तीव्र अ‍ॅनिमिया आधीपेक्षा १५ दिवस उशिरा आला, न घेतलेल्यांत ९ दिवस लवकर. हायड्रॉप्स ४ टक्के विरुद्ध २४.

पण चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. आयव्हीआयजी कोणाला द्यायचे हे केंद्राकेंद्रावर ठरले, आणि जे केंद्र ते लवकर देते ते बहुधा डॉप्लरही लवकर सुरू करते. लवकर पाहिले की हायड्रॉप्स होण्याआधीच अ‍ॅनिमिया सापडतो. हायड्रॉप्सच्या आकड्यातला किती वाटा औषधाचा आणि किती जागरूकतेचा, हे त्या अभ्यासातून वेगळे काढता येत नाही.

त्रासही ध्यानात घ्या: डोकेदुखी, कधी अ‍ॅसेप्टिक मेनिंजायटिस (जंतूंशिवाय मेंदूच्या आवरणाचा दाह), रक्तात गुठळ्या. आईचा गट ए, बी किंवा एबी असेल तर आयव्हीआयजीतल्या अँटी-ए, अँटी-बी मुळे तिच्याच पेशी फुटू शकतात, म्हणून तिचे हिमोग्लोबिन तपासत राहायचे.

शंकासुर

तिच्याच आधीच्या गर्भारपणाशी तुलना ही सगळ्यात चांगली नाही का? तीच आई, तीच प्रतिपिंडे.

आकडेमोड

आकर्षक आहे, पण दोन भोके आहेत.

पहिले, बापाचे. बाप डी अँटिजेनसाठी हेटरोझायगस (दोन जीनपैकी एकच डीचा) असेल तर पुढच्या बाळाच्या निगेटिव्ह असण्याची शक्यता निम्मी. निगेटिव्ह बाळाला काहीच होणार नाही, उपचार कुठलाही असो. अशी बाळे मोजणीत शिरली तर साखरेचे पाणीसुद्धा ५० टक्के यश देईल. आता आईच्या रक्तातल्या गर्भाच्या डीएनएवरून गट कळतो, तेव्हा भरतीआधी ती खात्री करून घेणे अनिवार्य. डीएनएचा काळ येण्याआधीचे जुने अहवाल वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: बाळ पॉझिटिव्ह होते हे कशावरून?

दुसरे, 'आधीचे' निवडतानाच आपण सगळ्यात वाईट अनुभव निवडतो. पुढचे गर्भारपण थोडे बरे जाण्याची शक्यता केवळ संख्याशास्त्राने असते. इथे मात्र उलटा जोरही आहे, डी प्रतिपिंडांत आजार पुढच्या वेळी तेवढाच किंवा आणखी लवकर येतो. पेटिटमधले ते ९ दिवस तेच सांगतात. म्हणून मी युनिटीचा निकाल कोपऱ्यात टाकत नाही. १३ पैकी जास्तीत जास्त एक-दोघींत अपेक्षित होते तिथे सातांत मिळाले.

रक्तपेढी_तळमजला

गर्भाच्या डीएनए तपासणीचीही एक मर्यादा सांगून ठेवतो. फार लवकर, दहा-अकरा आठवड्यांच्या आत नमुना घेतला तर गर्भाचा अंश कमी असतो आणि खोटे निगेटिव्ह येऊ शकते. चाचणीत निगेटिव्ह निकाल आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करावा, आणि नमुन्यात गर्भाचा डीएनए होता याची स्वतंत्र खूण तपासावी. आफ्रिकी वंशाच्या लोकांत आरएचडी स्यूडोजीन आढळते: जीन आहे पण अँटिजेन बनत नाही. एकाच एक्झॉनवर (जीनच्या एका तुकड्यावर) भिस्त ठेवली तर चुकायला होते, म्हणून निदान दोन एक्झॉन पाहतात.

कणाद

वाचनखूण साठवली. इतिहासातली एक भर घालतो, कारण ती चाचणीच्या पद्धतीबद्दल आहे.

लिव्हरपूलमध्ये क्लार्क, फिन आणि मंडळींनी सुरुवातीला स्वयंसेवकांना डी पॉझिटिव्ह पेशी टोचून मागोमाग दिलेले प्रतिपिंड आयजीएम (आयजीजीहून वेगळ्या) जातीचे होते. पेशी लवकर साफ व्हाव्यात आणि शरीराला पत्ता लागू नये असा विचार. झाले उलटे, उपचार मिळालेल्यांतच जास्त जणांत प्रतिपिंडे तयार झाली. तुलनेचा गट नसता तर हे लक्षातही आले नसते. मग आयजीजी वापरले आणि ते लागू पडले. तिकडे न्यूयॉर्कमध्ये फ्रेडा, गोरमन आणि पोलॅक यांनी सुरुवातीपासून आयजीजीच घेतले, चाचण्या सिंग सिंग तुरुंगातल्या कैदी स्वयंसेवकांवर केल्या. आजच्या नियमांत ते बसणे कठीण. १९६८ मध्ये अमेरिकेत इंजेक्शनला परवाना मिळाला.

स्त्रियांवरच्या चाचण्यांत यश बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी मोजले जाई. आधी मोजून उपयोग नाही, कारण टोचलेलेच प्रतिपिंड सापडते. आणि सहा महिन्यांनी निगेटिव्ह आलेली स्त्री पुढच्या पॉझिटिव्ह गर्भाच्या वेळी झटकन पॉझिटिव्ह होऊ शकते, म्हणून खरा निकाल पुढच्या गर्भारपणात.

मोनोक्लोनल (प्रयोगशाळेत एकाच पेशीवंशातून बनवलेल्या) अँटी-डीचे घोडे इथेच अडत आले आहे. एखादे प्रतिपिंड पेशी झपाट्याने साफ करते म्हणजे ते प्रतिपिंडनिर्मितीही दाबेलच असे नाही. पेशी साफ होण्याचा वेग मोजणे सोपे, म्हणून सगळे तेच मोजतात. हवे ते मात्र दुसरेच.

नवजात_कक्ष

कणाद, याच जातकुळीतले: आईला आर-एच पॉझिटिव्ह पेशींच्या कॅप्सूल तोंडाने देऊन 'सवय लावणे', प्रोमेथाझिन देणे. सुरुवातीचे अहवाल गोड, तुलनेचा गट आल्यावर काही उरले नाही.

उलट बाजूचे उदाहरण द्यायला हवे, नाहीतर सगळेच फोल असे वाटेल. गर्भात रक्त चढवलेल्या बाळांची मज्जा सुस्तावलेली असते, रेटिक्युलोसाइट (नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशी) शून्याजवळ, आणि जन्मानंतर दोन-तीन महिने पुन्हा पुन्हा रक्त लागते. लायडनच्या एका यादृच्छिक चाचणीत ४४ बाळांपैकी निम्म्यांच्या आसपास बाळांना डार्बेपोएटिन (मज्जेला तांबड्या पेशी बनवायला लावणारे औषध) दिले, किलोमागे १० मायक्रोग्रॅम, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. रक्त चढवण्याच्या फेऱ्या कमी झाल्या. प्लासिबो नव्हता, म्हणून आकडेमोड यांची हरकत इथेही लागू. पण रक्त चढवण्याची हिमोग्लोबिनची पातळी आधी ठरवलेली असली की ती हरकत बरीच सौम्य होते.

या बाळांना लोह देऊ नका, ते आधीच साठलेले असते. फॉलिक अ‍ॅसिड चालते. आठवड्याला हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट, साधारण तीन महिने. कावीळ उतरली म्हणून पाठपुरावा बंद करणे ही नेहमीची चूक, बाळ सहाव्या आठवड्याला हिमोग्लोबिन ५ घेऊन येते.

शंकासुर

निपोकॅलिमॅब बाळाचे इतर आयजीजीही अडवणार ना? गोवर, धनुर्वात, सगळेच.

वाहती_रेघ

हो, रिसेप्टर निवड करत नाही. आईचेही आयजीजी उतरते, म्हणून तिला होणाऱ्या संसर्गावर लक्ष हवे. अल्ब्युमिनही याच रिसेप्टरवर जगते, ते खाली येते का हे पाहावे लागते. पस्तिसाव्या आठवड्याला औषध थांबवायचे म्हणजे बाळंतपणापर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांत वारेची वाट मोकळी होते. आयजीजीचा मोठा साठा शेवटच्या महिन्यातच बाळाकडे जातो, त्यामुळे थोडे भरून निघते. पण त्याच वाटेने अँटी-डीही जाते. म्हणून जन्मानंतरची कावीळ आणि अ‍ॅनिमिया हा निकालाचा भाग धरला पाहिजे, नुसते पोटातले यश पुरणार नाही. युनिटीत १३ पैकी ६ जणींच्या बाळांना पोटात किंवा जन्मानंतर एकदाही रक्त लागले नाही, हा आकडा त्यासाठीच वेगळा दिला आहे.

तिसऱ्या टप्प्याची 'अ‍ॅझेलिया' नावाची चाचणी यादृच्छिक आणि प्लासिबोसह आखलेली आहे. तिचे आकडे आल्यावर आधी 'पहिल्यांदा रक्त लागले तो आठवडा' आणि 'बाळाचे आयजीजी' हे दोन तक्ते उघडा.

शंकासुर

शेवटचा प्रश्न. आई डी निगेटिव्ह, पण तिच्यात प्रतिपिंड केलविरुद्ध झाले आहे, डीविरुद्ध नाही. तिला २८ आठवड्यांची अँटी-डी द्यायची ना? आणि ती निपोकॅलिमॅबवर असेल तर?

रक्तपेढी_तळमजला

द्यायची. जिच्यात अँटी-डी आधीच तयार झाली आहे तिलाच तिचा उपयोग नसतो. केलवाली स्त्री डीसाठी अजून कोरी आहे, आणि गर्भाला रक्त चढवताना सुई वारेतून गेली तर बाळाच्या पेशी तिच्या रक्तात मिसळण्याची शक्यता उलट जास्त.

३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १५०० युनिट, बाळाच्या १५ मिलि तांबड्या पेशींना पुरते. संपूर्ण रक्त धरले तर ३० मिलि. नेहमी हे आयजीजी तीनेक आठवड्यांत निम्म्यावर येते. एफसीआरएन अडवलेला असेल तर टोचलेली अँटी-डीही इतर आयजीजीसारखीच झपाट्याने मोडणार. एका इंजेक्शनचे कवच बारा आठवडे टिकेल हे गृहीत तिथे धरता येत नाही. मधे सुईचे काम किंवा रक्तस्राव झाला तर प्रत्येक वेळी नव्याने मात्रा, आणि अँटिबॉडी स्क्रीनमध्ये अँटी-डी अजून सापडते का हे पाहत राहायचे.

बाळंतपणानंतर ७२ तासांत मात्रा द्यायची, पण त्याआधी आईचा नमुना. क्लायहाउअरमध्ये (आईच्या रक्तात मिसळलेल्या गर्भाच्या पेशी रंगवून मोजणाऱ्या तपासणीत) गर्भाच्या पेशी १.६ टक्के दिसल्या तर १.६ × ५० = ८० मिलि. ८० भागिले ३० म्हणजे २.७, ते पूर्णांकात ३, मोजणीतल्या चुकीसाठी आणखी १, एकूण चार व्हायल. आईला थॅलेसेमिया ट्रेट असेल तर तिचे स्वतःचेच हिमोग्लोबिन एफ रंग धरते आणि आकडा फुगतो, तिथे फ्लो सायटोमेट्री करून घ्या. आणि पोटात असताना वारंवार रक्त चढवलेले बाळ असेल तर नाळेच्या रक्तात त्याचा गट दात्याचाच, ओ निगेटिव्ह, वाचला जाईल. त्यावरून 'बाळ निगेटिव्ह, अँटी-डी नको' असे कोणी लिहू नये. आधीचा डीएनएचा निकाल काढा आणि तोच धरा.